मुलांच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर : घाबरावे कधी, धावावे कधी?

एका सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच पायरीवर एक कुटुंब बसलेले होते. दोन वर्षांचा मुलगा, आई-वडील आणि आजी. तीन दिवसांपूर्वी मुलाची जांघेतील हर्नियाची शस्त्रक्रिया शहरातील रुग्णालयात झाली होती. आईचे डोळे रडून सुजलेले. आजी मात्र चिडलेली. ‘‘डॉक्टर, गाठ काढायला नेलं होतं ना पोराला? मग ही बघा, होती त्यापेक्षा मोठी झाली!’’

मी मुलाला तपासले. वृषणाची पिशवी सुजून निळसर-काळसर झाली होती. पण मुलगा आजीच्या कडेवरून माझा स्टेथोस्कोप ओढत होता. ताप नाही, उलटी नाही, पोट मऊ, लघवी साफ. जखम कोरडी होती. मी म्हणालो, ‘‘आजी, ही गाठ नव्हे, सूज आहे. दोन-तीन आठवड्यांत आपोआप उतरेल. औषधाचीही गरज नाही.’’ आजींचा विश्वास बसला नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. परंतु वीस दिवसांनी त्याच नातवाला घेऊन त्या आल्या, तेव्हा सूज पूर्ण ओसरली होती.

या उलट प्रसंगही माझ्या वाट्याला आला आहे. शस्त्रक्रियेनंतर सारे ठीक आहे असे समजून पालक निर्धास्त राहिले, आणि मीही राहिलो. त्याची हकीकत पुढे सांगतो. या दोन प्रसंगांमुळेच हा विषय आज घेतला आहे. हर्नियाची शस्त्रक्रिया ही लहान मुलांवर सर्वांत जास्त प्रमाणात होणाऱ्या शस्त्रक्रियांपैकी एक. ती झाल्यावर काय साहजिक, काय गंभीर, हे पालकांना माहीत असले तर विनाकारण होणारा मनस्ताप टळतो आणि खरा धोका वेळेवर ओळखता येतो.

मुलांचा हर्निया वेगळा कसा?

गर्भात असताना मुलाचे वृषण, म्हणजे आपल्या बोलीत गोट्या, पोटात मूत्रपिंडाजवळ तयार होतात. जन्मापूर्वीच्या शेवटच्या महिन्यांत त्या जांघेतून खाली पिशवीत उतरतात. उतरताना पोटाच्या आतील पातळ अस्तराची एक नळी आपल्याबरोबर ओढून आणतात. ही नळी जन्माच्या सुमारास बंद व्हावी अशी निसर्गाची योजना. काही मुलांत ती उघडीच राहते. तोंड बारीक असेल तर पोटातील पाणी झिरपून पिशवी फुगते, त्याला आपण हायड्रोसील म्हणतो. तोंड रुंद असेल तर आतडे त्यात उतरते, तो हर्निया, म्हणजेच अंतर्गळ. उजवे वृषण जरा उशिरा उतरते, म्हणून हर्निया उजव्या बाजूला अधिक आढळतो. मुलींनाही तो होतो, पण मुलांच्या मानाने बराच कमी. मुलींत त्या नळीत कधीकधी बीजकोश उतरतो आणि जांघेत बोराएवढी गाठ हाताला लागते. अशी गाठ दाबून आत ढकलण्याचा खटाटोप घरी करू नये.

तेव्हा मूल फार रडले म्हणून, वजन उचलले म्हणून किंवा आईने बाळंतपणात काही खाल्ले म्हणून हर्निया झाला, हे खरे नव्हे. रडण्यामुळे हर्निया दिसू लागतो, होत नाही. हर्निया जन्मतःच असतो.

मोठ्या माणसाच्या हर्नियात पोटाचे स्नायू कमजोर झालेले असतात, म्हणून तेथे जाळी बसवतात. मुलांचे स्नायू चांगले असतात. तेथे ती उघडी नळी फक्त मुळाशी बांधायची असते. म्हणून लहान मुलांत जाळी लागत नाही. जांघेतील घडीत बोटाच्या पेराएवढा छेद पुरतो. काही ठिकाणी दुर्बिणीतूनही ही शस्त्रक्रिया करतात. निरोगी मूल बहुधा त्याच दिवशी घरी जाते. ही पद्धत नवी नाही. ग्लासगो येथील शल्यविशारद जेम्स निकोल यांनी १९०९ साली दहा वर्षांतील आपल्या ८,९८८ शस्त्रक्रियांची माहिती प्रसिद्ध केली होती. त्यात हर्नियाची मुलेही होती, आणि या मुलांना रुग्णालयात न ठेवता आयांबरोबर घरी पाठवलेले होते. तान्ह्या मुलाची शुश्रूषा आईइतकी कोणी करत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

बेंबीचा हर्निया मात्र निराळा. तो बहुतेक मुलांत चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप मिटतो. त्यावर नाणे बांधण्याची पद्धत आपल्याकडे अजून दिसते. तिचा उपयोग नाही, उलट कातडी सोलवटून जखम होते. जांघेचा हर्निया आपोआप बरा होत नाही. लंगोट किंवा पट्टा बांधूनही होत नाही.

पहिल्या आठवड्यात साहजिक काय?

शस्त्रक्रियेच्या दिवशी मूल गुंगीत असते, चिडचिड करते, एक-दोनदा उलटीही होते. वेदना कमी व्हाव्यात म्हणून काही वेळा कमरेच्या खाली इंजेक्शन दिलेले असते. त्यामुळे काही तास पाय जड वाटतात, मूल उभे राहताना लटपटते. त्या दिवशी त्याला एकटे चालू देऊ नये. अंग थोडे कोमट लागणे, जखमेच्या पट्टीवर रक्ताचा रुपयाएवढा डाग दिसणे, यात घाबरण्यासारखे काही नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून वृषणाची पिशवी सुजते, काळीनिळी पडते. जेथे नळी बांधली तेथील ओलावा आणि किंचित रक्त उतारावरून खाली उतरते, एवढाच त्याचा अर्थ. आजींना दिसलेली ‘गाठ’ ती हीच. पुढे जखमेच्या खाली बोटाला एक कडक वळ लागतो. जखम भरताना तयार होणारा तो वळ दोन-तीन महिन्यांत विरघळतो.

अनेक आया विचारतात, ‘‘डॉक्टर, बाळ रडलं तर टाके तुटतील का?’’ तुटत नाहीत. नळी मुळाशी बांधलेली असते, रडण्याने ती सुटत नाही. तेव्हा टाके तुटतील या भीतीने मुलाला दिवसभर खांद्यावर घेऊन फिरण्याची आवश्यकता नाही.

खरे दुष्परिणाम कोणते?

निष्णात हातांनी, नियोजन करून केलेल्या शस्त्रक्रियेत गंभीर दुष्परिणाम थोडेच होतात. पण ते असतात, आणि पालकांना ते माहीत असायला हवेत.

जखम चिघळणे. शंभरात एखाद-दुसऱ्या मुलात होते. बहुधा तीन ते सात दिवसांत जखम लाल, गरम, दुखरी होते, त्यातून पू येतो. यावर हळद, खोबरेल तेल, टूथपेस्ट किंवा राख लावू नये. लंगोट-दुपटे ओले झाले की लगेच बदलावे, कारण तान्ह्या बाळाच्या जखमेला लघवी-शीची लागण लवकर होते.

हर्निया परत येणे. नियोजित शस्त्रक्रियेत हे शंभरात साधारण एका मुलात किंवा त्याहूनही कमी घडते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत आणि अडकलेल्या हर्नियाची घाईने शस्त्रक्रिया करावी लागली तर हे प्रमाण वाढते. सूज आणि परत आलेला हर्निया यांतील फरक सोपा आहे. सूज दिवसभर सारखीच राहते आणि हळूहळू कमी होत जाते. हर्निया रडताना, कुंथताना बाहेर येतो आणि निजल्यावर आत जातो. गंमत अशी की दवाखान्यात आणल्यावर तो हमखास आत गेलेला असतो. म्हणून गाठ दिसेल तेव्हा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

दुसऱ्या बाजूला हर्निया निघणे. एका बाजूची शस्त्रक्रिया झालेल्या शंभर मुलांपैकी साधारण सात मुलांना पुढे दुसऱ्या बाजूला हर्निया होतो. बऱ्याच पालकांना वाटते, पहिल्या डॉक्टरांनी काम नीट केले नाही. हा आरोप अन्यायाचा आहे. दुसरी नळीही जन्मतःच उघडी होती, ती नंतर दिसून आली एवढेच.

पिशवीत पाणी साठणे. बांधलेल्या नळीच्या खालच्या भागात काही वेळा पाणी साठते. बहुतेक मुलांत ते काही महिन्यांत जिरते. सुई घालून पाणी काढून घेण्याची घाई करू नये.

वृषण बारीक होणे. वृषणाचा रक्तपुरवठा आणि शुक्रवाहिनी या त्या नळीला अगदी चिकटून असतात. तान्ह्या बाळात शुक्रवाहिनी जाड दोऱ्याएवढी असते. म्हणून ही शस्त्रक्रिया दिसायला किरकोळ असली तरी नाजूक आहे. रक्तपुरवठ्यास इजा झाली तर ते वृषण हळूहळू सुकते. नियोजित शस्त्रक्रियेत हे क्वचितच घडते. हर्निया अडकून बराच वेळ गेलेला असेल तर मात्र धोका पुष्कळ वाढतो, आणि तेथे दोष शस्त्रक्रियेपेक्षा उशिराचा असतो.

येथे वडीलमंडळी आवाज खाली आणून एक प्रश्न हमखास विचारतात, ‘‘पुढं याला मूलबाळ होईल ना?’’ प्रश्न योग्य आहे, लाजण्याचे कारण नाही. एका बाजूचे वृषण चांगले असले तरी सामान्यतः संततीला अडचण येत नाही. दोन्ही बाजूंना शस्त्रक्रिया होणार असेल तर ती अनुभवी बालशल्यविशारदाकडूनच व्हावी, असा आग्रह मी याच कारणाने धरतो.

माझी एक चूक

आता ती हकीकत. काही वर्षांपूर्वी अडीच वर्षांच्या एका मुलाची शस्त्रक्रिया मोठ्या शहरात झाली. आठव्या दिवशी जखम दाखवायला आई त्याला माझ्याकडे घेऊन आली. जखम स्वच्छ होती. ‘‘उत्तम आहे, आता शहरात जायची गरज नाही,’’ असे मी सांगितले. तिचे एसटीचे भाडे आणि वडिलांचा रोजगार वाचला, याचे मला समाधानही वाटले. पुढे तो मुलगा सर्दी-खोकल्याला, तापाला, गोवराच्या लसीच्या चौकशीला कितीदा तरी माझ्याकडे आला. मी घसा पाहिला, छाती तपासली, वजन केले. जांघेकडे पुन्हा पाहिले नाही.

तो पहिलीत गेल्यावर शाळेत आरोग्य तपासणीचे पथक आले. त्यातील तरुण डॉक्टरांनी कागदावर लिहून दिले : उजवे वृषण पिशवीत नाही. आई तो कागद घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. तिने मला दोष दिला नाही. ‘‘ऑपरेशन तर झालं होतं ना डॉक्टरसाहेब?’’ एवढेच तिने विचारले. मला उत्तर देणे जड गेले.

हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर जखम भरताना काही मुलांत वृषण वर ओढले जाते आणि जांघेतच अडकून राहते. बाहेरून जखम अगदी सुंदर भरलेली दिसते, दुखत नाही, मूल खेळते. म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. वृषणाला शरीरापेक्षा थोडा थंडावा लागतो. वर अडकून राहिले तर त्याची वाढ खुंटते, आणि मोठेपणी त्यात कर्करोग होण्याची शक्यताही थोडी वाढते. त्या मुलाची दुसरी शस्त्रक्रिया करून वृषण खाली आणून बसवले. ते दुसऱ्यापेक्षा लहान राहिले होते. चार वर्षे आधी लक्षात आले असते तर बहुधा इतके लहान राहिले नसते.

तेव्हापासून मी नियम केला आहे. हर्नियाची शस्त्रक्रिया झालेले मूल कशासाठीही आले तरी दोन्ही वृषणे जागेवर आहेत का, हे हाताने तपासल्याशिवाय त्याला सोडायचे नाही. पालकांनाही मी ते शिकवतो. कोमट पाण्याने अंघोळ घालताना, मूल निवांत असताना, पिशवीत दोन्ही बाजूंना गोटी हाताला लागते का ते हलकेच पाहावे. थंडीत किंवा मूल घाबरलेले असताना निरोगी वृषणही वर चढते, म्हणून एकदा लागली नाही तर लगेच घाबरू नये. पण दोन-तीनदा पाहूनही लागत नसेल तर शल्यविशारदांना दाखवावे. आणि शस्त्रक्रियेनंतर तीन ते सहा महिन्यांनी एकदा तपासणीला जाणे, जखम कितीही छान दिसली तरी, टाळू नये.

अपुऱ्या दिवसांची बाळे

नवव्या महिन्यापूर्वी जन्मलेल्या बाळांत हर्नियाचे प्रमाण बरेच जास्त असते. यांचा मोठा धोका भुलीनंतरचा. अशी बाळे भुलीनंतर श्वास घेणे मध्येच थांबवतात. म्हणून त्यांना त्याच दिवशी घरी न पाठवता रात्रभर देखरेखीखाली ठेवतात. हिशोब असा करावा : बाळ किती आठवड्यांचे जन्मले, त्यात जन्मानंतरचे आठवडे मिळवावेत. ३२ आठवड्यांचे जन्मलेले बाळ आज १० आठवड्यांचे असेल तर बेरीज ४२. ही बेरीज ६० च्या आत असेल तर रात्री रुग्णालयात ठेवण्याची सोय आहे ना, हे आधीच विचारावे. २०२४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, अशा बाळांची शस्त्रक्रिया ही बेरीज ५५ च्या पुढे गेल्यावर केली तर गंभीर त्रास कमी होतो, असे आढळले. तेथे लवकर शस्त्रक्रिया झालेल्या शंभरात २८ बाळांना, तर थांबून केलेल्या शंभरात १८ बाळांना असा त्रास झाला. मात्र थांबायचे की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचे. पूर्ण दिवसांच्या मुलाचा हर्निया ‘मोठा झाल्यावर बघू’ म्हणून लांबवू नये, कारण आतडे अडकण्याचा धोका पहिल्या वर्षात सर्वांत जास्त असतो.

घरी काय करावे?

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल पुरते. मात्रा वजनावर ठरते, किलोमागे १५ मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने, दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा नाही. दहा किलोच्या मुलाला एका वेळी १५० मिलिग्रॅम झाले. बाजारात कमी-जास्त ताकदीच्या बाटल्या मिळतात, म्हणून ‘चमचाभर’ असा हिशोब करू नये. ५ मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम औषध आहे ते बाटलीवर वाचावे. २५० असेल तर ३ मिलिलिटर, १२५ असेल तर ६ मिलिलिटर. तीन महिन्यांच्या आतील बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे औषध देऊ नये. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. निमेसुलाइड बारा वर्षांखालील मुलांना देण्यास आपल्या देशात २०११ साली बंदी घातली आहे. घरात मोठ्यांसाठी आणलेल्या गोळीचा तुकडा मुलाला देण्याची सवय त्यामुळे सोडावी.

अंगावरचे दूध त्याच दिवशी सुरू करता येते. मोठ्या मुलाला प्रथम पाणी, मग पेज, मऊ वरण-भात. दोन-तीन दिवस ओल्या फडक्याने अंग पुसावे, मग डॉक्टरांच्या सल्ल्याने अंघोळ घालावी. टाके बहुधा आपोआप विरघळणारे असतात. मुलाला अंथरुणाला खिळवून ठेवण्याची गरज नाही. आठवड्याभरात शाळेत जाता येते. सायकल, कुस्ती, झाडावर चढणे मात्र तीन-चार आठवडे बंद.

ताबडतोब रुग्णालयात केव्हा?

- हिरवी उलटी झाली, किंवा उलट्या थांबत नाहीत आणि पोट फुगले
- जांघेत कडक, दुखरी गाठ आली आणि ती आत जात नाही
- ताप १०१ अंशांपेक्षा जास्त आहे, किंवा तिसऱ्या दिवसानंतर ताप आला
- जखमेतून पू येतो, किंवा पट्टी रक्ताने पुन्हा पुन्हा भिजते
- वृषणाची पिशवी झपाट्याने फुगते, आणि मूल हातही लावू देत नाही
- आठ तासांत लघवी झाली नाही
- तान्हे बाळ निळसर पडले, श्वास अडखळतो, दूध ओढत नाही

यातील एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. निघताना मुलाला काही खाऊ-पिऊ घालू नये, कारण पुन्हा भूल द्यावी लागण्याची शक्यता असते. रुग्णालयातून मिळालेला कागद बरोबर घ्यावा. रात्री दोन वाजता अपरिचित डॉक्टरांना त्या कागदाचा फार आधार असतो.

खर्चाच्या भीतीने पुष्कळ पालक शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. त्यांनी प्रथम जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. अंगणवाडी आणि शाळांत आरोग्य तपासणीची पथके येतात. जांघेतील गाठ त्या दिवशी दिसत नसली तरी तिच्याविषयी त्यांना आवर्जून सांगावे.

परवा त्या आजी पुन्हा भेटल्या. धाकट्या नातवाच्या जांघेत रडताना गाठ येते म्हणाल्या. ‘‘या खेपेला सूज आली तरी भिणार नाही बघा,’’ असेही म्हणाल्या. मी त्यांना एवढेच सांगितले, ‘‘आजी, सुजेला भिऊ नका. पण तीन महिन्यांनी दाखवायला मात्र नक्की आणा.’’